विनोदी म्हणून दाखवलेला सिनेमा: नाशिकमधल्या एका खेळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिनेमे एकत्र बघणारा आमचा गट लहान आहे. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी गंगापूर रोडला एका सभासदाच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर तीस-चाळीस जण जमतो. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर पडदा, मध्यंतर नाही, शेवटी चहा आणि गप्पा. नाशिककरांना सिनेमावर आपला थोडा जास्तच हक्क आहे असं वाटतं. फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९४४ साली नाशिकलाच गेले, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, त्यामुळे तसं वाटणं साहजिक. पण जरा वेगळा परदेशी सिनेमा चार लोकांत बसून बघायचा म्हटलं की मुंबई किंवा पुणं गाठावं लागतं. गट सुरू झाला तो त्या कंटाळ्यातून.

येणारे सगळ्या तऱ्हेचे. निवृत्त बँकवाले, दोन-तीन शिक्षक, कॉलेजची मुलं, आणि सातपूर-अंबडहून ड्यूटी संपवून थेट येणारे. भराभर बोललेलं इंग्रजी निम्म्यांना झेपत नाही. म्हणून गेल्या वर्षापासून एक तरुण सभासद निवडक सिनेमांच्या मराठी ओळी, म्हणजे पडद्यावर खाली दिसणारी सबटायटल्स, तयार करते. कामाला चोख मुलगी. हे प्रकरण त्या ओळींपैकी एका शब्दापाशी अडलं.

सिनेमा होता ‘पंच-ड्रंक लव्ह’, २००२ चा. दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन, ज्यांना त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान महोत्सवात यासाठी दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. नायक ॲडम सँडलर, म्हणजे आरडाओरडा आणि पांचट विनोद यांसाठी ठाऊक असलेला नट. इथे तो बॅरी नावाचा एकटा माणूस आहे. गोदामात धंदा करतो, चोकअप काढायचे रबरी पंप विकतो. त्याला सात बहिणी. सातही दिवसभर फोन करतात. (आपल्याकडे सातभाई नावाचे पक्षी असतात, झुडपात उतरले की कलकलाट थांबत नाही. इथे फक्त भाऊ एक आणि बाकी सगळा थवा.) सकाळी सकाळी रस्त्यावर एक गाडी उलटते, आणि कोणीतरी फुटपाथवर एक पेटी ठेवून जातं. पेटी म्हणजे हार्मोनियम. ती तो उचलून ऑफिसात आणतो. पुढे एक बाई त्याच्या आयुष्यात येते, फोनवर पैसे उकळणारी टोळी मागे लागते, आणि या सगळ्याच्या मधोमध तो हजारो कप पुडिंग विकत घेत असतो, कारण वेष्टनावरच्या ऑफरमध्ये विमानप्रवासाचे मैल, म्हणजे फुकट प्रवास, मिळतात. पंच्याण्णव मिनिटांत सगळं आटोपतं.

व्हॉट्सॲपवरचं निमंत्रण मीच लिहिलं होतं. त्यात ‘धमाल, हटके प्रेमकथा’ असे शब्द होते आणि पुढे हसणारे तीन चेहरे. ते चेहरे या प्रकरणातला पहिला चुकलेला निर्णय. तेव्हा मात्र तो निर्णय आहे असंही कोणाला वाटलं नाही.

अडचण

त्या शनिवारी अडतीस जण आले. त्यात एक नवीन गृहस्थ होते, चाळिशी ओलांडलेले, सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघणारे. सोबतच्या सहकाऱ्याने आग्रह करून आणलं होतं. घरी आई, आणि मोठ्या बहिणी लग्न होऊन आपापल्या घरी. एवढं आम्हाला नंतर कळलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना नुसतं ‘गृहस्थ’ म्हणतो.

पहिली पंचवीस-तीस मिनिटं लोक खुशीत होते. रस्त्यावरच्या पेटीला हशा. निळा सूट घालून ऑफिसात आलेल्या नायकाला हशा. मग बहिणीच्या वाढदिवसाची मेजवानी येते. घरभर बहिणी, मेहुणे, पोरं. लहानपणी आपण याला काय म्हणून चिडवायचो आणि याने भडकून काचेच्या दारावर हातोडा कसा फेकला होता, हे त्या हसत हसत सगळ्यांसमोर काढतात. मुळात शब्द आहेत ‘गे बॉय’. आमच्या मुलीने लिहिलं होतं ‘बायल्या’.

हॉल फुटला. खरंच फुटला. मीही हसलो, हे लिहून ठेवलं पाहिजे. इंग्रजीतला तो शब्द लांब कुठेतरी अमेरिकेत राहिला असता. ‘बायल्या’ मात्र प्रत्येकाने शाळेच्या मैदानावर ऐकलेला होता, बऱ्याच जणांनी कोणाला तरी म्हटलेलाही होता. पडद्यावर बॅरी काही बोलत नाही. कसनुसा हसतो, आणि थोड्याच वेळात त्या घरातली काचेची सरकती दारं लाथांनी फोडून टाकतो. त्यावर आणखी हशा.

तेव्हाच मधल्या रांगेत खुर्ची आपटल्याचा आवाज झाला. गृहस्थ उठले आणि बाहेर गेले.

सिनेमातला पुढचा प्रसंग त्यांना दिसलाच नाही. काचा फुटल्यावर बॅरी एका मेहुण्याला बाजूला घेतो, हळूच सांगतो की कधीकधी मी मलाच आवडत नाही, तुम्ही डॉक्टर आहात, काही करता येईल का. मेहुणा दातांचा डॉक्टर असतो. लोक इथेही हसले, पण हसू मध्येच तुटलं, कारण बॅरी रडायला लागतो. अख्ख्या सिनेमातली सगळ्यात मऊ जागा ही. ज्या माणसाला ती भिडली असती, तो तेव्हा खाली रसवंतीच्या बंद गाड्याला टेकून उभा होता.

पहिला निर्णय तिथेच करायचा होता: सिनेमा थांबवायचा की चालू ठेवायचा. आम्ही चालू ठेवला. ते मला आजही बरोबर वाटतं. थांबवला असता तर दिवे लागून अडतीस माना दाराकडे वळल्या असत्या. पण त्यांच्या मागे कोणीच उतरलं नाही, हे बरोबर नव्हतं. सहकाऱ्याला वाटलं फोन आला असेल. मला वाटलं सहकारी बघेल.

चहाच्या वेळी गप्पा सुरू झाल्या. आमचे एक ज्येष्ठ सभासद, मनाने चांगले पण ठाशीव बोलणारे, म्हणाले, “असल्या माणसाला आधी डॉक्टर लागतो, बाई नाही. लग्न लावून दिलं की सुधारेल, ही आपलीच जुनी खोड यांनी सिनेमात घातलीय.” मुद्दा म्हणून यात तथ्य आहे, आणि एरवी त्यावर तासभर वाद रंगला असता. पण गृहस्थ बॅग घ्यायला वर आले होते आणि दारात उभे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “डॉक्टरकडे गेलं तर घरात काय सांगायचं, ते पण सांगा ना काका.” कोणी काही बोलायच्या आत बॅग उचलून ते गेले.

समोरचे पर्याय

रात्री आम्ही पाच संयोजक मागे थांबलो. खुर्च्या घडी करता करता चर्चा झाली.

एक मत पडलं की काहीच करू नये. मोठा माणूस आहे, त्याला सिनेमा पटला नाही, उठून गेला. उगाच मागे लागलं तर त्याला जास्त अवघडल्यासारखं होईल. या मतात तथ्य होतं, आणि सोयही होती. सोय बरीच जास्त होती.

दुसरं मत, मी संयोजक म्हणून फोन करून माफी मागावी. पण कशाची? हसल्याची? त्यांना कशाने लागलं हे आम्ही गृहीत धरत होतो. माफीचा फोन म्हणजे ‘तुम्ही त्या नायकासारखे आहात हे आमच्या लक्षात आलं’ असं सांगणंच की.

एकीने सुचवलं, टेलि-मानसचा नंबर पाठवू या. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन २०२२ मध्ये सुरू झाली, नंबर १४४१६, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. सुचवणारीच्या मनात खोट नव्हती. पण आमच्यातल्या एक निवृत्त परिचारिका म्हणाल्या, “त्यांनी विचारलंय का? एका हशाने उठून गेलेल्या माणसाला हेल्पलाइनचा नंबर पाठवला, तर तो निकाल झाला. नंबर सगळ्यांना द्या, म्हणजे ज्याला हवा तो घेईल.” हा पर्याय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटला.

शेवटी ठरलं ते असं: सोमवारी कारखान्यात सहकाऱ्याने सहज, जेवणाच्या सुट्टीत विचारायचं. आमच्याकडून कोणी फोन करायचा नाही.

ठरलं चांगलं. पाळलं गेलं नाही.

प्रत्यक्षात काय केलं

रविवारी सकाळी आमच्यातल्याच एकाने, रात्रभर झोप लागली नाही म्हणून, ग्रुपवर लिहिलं: ‘काल एक सभासद दुखावले जाऊन गेले. गटातर्फे त्यांची मनःपूर्वक क्षमा मागतो.’ अर्ध्या तासात पंचवीसेक उत्तरं. ‘कोण?’, ‘काय झालं?’, ‘निळ्या शर्टातले का?’, हात जोडलेले, रडणारे चेहरे. त्यातल्या एकाने ‘आजकाल लोक फार हळवे झालेत’ असंही टाकलं. पोस्ट उडवली तेव्हा उशीर झाला होता. ग्रुपवर एक बारीक करडी ओळ उमटली, अमुक नंबर बाहेर पडला.

या अख्ख्या प्रकरणात खरी इजा इथे झाली, असं माझं मत आहे. हॉलमधला हशा कोणा एकावर रोखलेला नव्हता. हा निरोप रोखलेला होता.

सोमवारी सहकाऱ्याने विचारलं. उत्तर मिळालं, “राग नाही आला रे. पण पुन्हा सांगू नकोस यायला.” सहकारी गप्प बसला. मात्र रोजचा डबा एकत्र खाणं त्याने सोडलं नाही. आमच्या सगळ्या ठरावांपेक्षा त्याचाच जास्त उपयोग झाला असावा.

आम्ही दोन कामं हाती घेतली. निमंत्रणाची भाषा बदलायची, आणि तोच सिनेमा दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायचा. दुसऱ्या कामाला विरोध झाला. खजिनदार म्हणाले, एकदा हात पोळले तेवढे पुरेत. पण आम्ही सिनेमा चुकीच्या दारातून आत आणला होता, आणि ते तसंच सोडून पुढच्या सिनेमाला लागणं मला जमेना.

खरी वादावादी त्या शब्दावर झाली. बहुतेकांचं म्हणणं, ‘बायल्या’ काढा. कोणी सुचवलं ‘मुलगी’, कोणी ‘नाजूकराव’, कोणी म्हणालं इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवा. ओळी लिहिणारी ऐकून घेत होती. मग म्हणाली, “नाजूकराव लिहिलं तर बहिणी गोड वाटतील. त्या गोड नाहीयेत. त्या शब्दाने काच फुटते, ‘नाजूकराव’ने फुटेल का?” यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. आधी मीही शब्द काढण्याच्या बाजूने होतो. पण तिचं बरोबर होतं. भाषांतर चुकलं नव्हतं. ते नेमकं बसलं म्हणूनच लागलं. आम्हीच लोकांना ‘हसायला या’ म्हणून बसवलं होतं, मग ते हसले.

शब्द ठेवला. बाकीचं बदललं.

निमंत्रणात या वेळी लिहिलं: ‘एका एकट्या, भडकणाऱ्या, प्रेमात पडणाऱ्या माणसाची गोष्ट. हसू येईल, काही ठिकाणी येणार नाही. घरच्यांनी चिडवणं, आरडाओरडा, फोनवरचं एक अश्लील संभाषण आहे.’ खाली १४४१६ हा नंबर. तेव्हापासून तो आमच्या प्रत्येक निमंत्रणाखाली असतो, अगदी मुलांच्या सिनेमालासुद्धा. फोनवरचा प्रसंग कापावा असाही आग्रह होता, हॉलमध्ये सासू-सुना शेजारी बसतात म्हणून. पण तो कापला तर पैसे उकळणारी माणसं आकाशातून पडल्यासारखी येतात. प्रसंग ठेवला, आधी सांगून ठेवला.

सुरुवातीला पाच मिनिटं बोललो. थोर सिनेमा वगैरे काही नाही. एवढंच सांगितलं की या सिनेमाचं संगीत मुद्दाम माणसाला बेचैन करतं, त्यामुळे डोकं भणभणलं तर प्रोजेक्टर बिघडलाय असं समजू नका. चर्चा चहानंतर, थांबायचं त्यांनी थांबायचं. आणि एक संयोजक कायम दाराबाहेर, जिन्यात.

परिणाम

दुसऱ्या खेळाला सव्वीस जण. चहा उरला, खजिनदारांनी तसं ऐकवलं. ‘बायल्या’वर कोणी हसलं नाही. मागून एका बाईंचा ‘अगं बाई’ एवढाच आवाज आला. दातांच्या डॉक्टरवर मात्र मोकळं हसू आलं, आणि मग शांतता. एका तरुणाने नंतर सांगितलं, पहिल्यांदा जास्त मजा आली होती. खोटं नाही ते.

गृहस्थ आले नाहीत. आम्ही बोलावलंही नव्हतं.

पुढे तीनेक आठवड्यांनी सहकाऱ्याने मला सातपूरला एका टपरीवर बोलावलं. शेजारी ते बसले होते. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, द्राक्षांचा भाव झाला. मग त्यांनी एकदम विचारलं, “पुढे काय झालं? सिनेमात.”

मी सांगितलं. ती बाई कामासाठी हवाईला जाते, हा तिच्या मागे जातो. परत आल्यावर टोळीची माणसं त्यांच्या गाडीला धडक देतात, तिला लागतं, आणि हा त्या चौघांना एकटा झोडतो. मग टोळीचा म्होरक्या, जो गाद्या विकतो, त्याच्या दुकानात हा थेट युटाहला जाऊन उभा राहतो, हातात टेलिफोनचा उपटलेला रिसीव्हर तसाच धरून. ते ऐकून ते हसले. “रिसीव्हर कशाला?” ठेवायचा विसरला, म्हटलं. “बरोबर आहे,” म्हणाले.

पुडिंगवर मात्र ते अडून बसले. मी सांगितलं की हा भाग मनाने रचलेला नाही. १९९९ साली कॅलिफोर्नियात डेव्हिड फिलिप्स नावाच्या एका इंजिनिअरने खरोखर १२,१५० पुडिंगचे कप घेतले होते. एक कप पंचवीस सेंटचा. दहा बारकोडला ५०० मैल, मुदतीआधी पाठवले तर १,०००. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि बिस्किटाच्या पुड्यावर गुणाकार मांडला. तीन हजार डॉलरच्या थोडं वर खर्च, आणि बारा लाखांवर मैल. दोनदा तपासलं. “ऑफर कोणी नीट वाचतच नाही,” म्हणाले, आणि पहिल्यांदाच खुलून बोलायला लागले. एवढे कप खाल्ले कोणी, हा पुढचा प्रश्न. तेही सांगितलं: साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेच्या लोकांनी बारकोड सोलून दिले, बदल्यात पुडिंग त्यांना दान, आणि दानावर याने करसवलत घेतली. करसवलतीवर त्यांनी टेबलावर हात आपटला.

मग जरा वेळाने: “आणि हा? सिनेमातला? बसला का विमानात?”

दाखवत नाहीत, म्हटलं. मैल जमा व्हायला सहा ते आठ आठवडे लागणार असतात. तेवढी वाट बघ, मग तू कामाला जिथे जाशील तिथे मी येईन, असं तो तिला सांगतो. शेवटी तो पेटी वाजवत बसलेला असतो आणि ती येऊन मागून त्याला मिठी मारते.

त्यांनी चहाचे पैसे दिले. मला देऊ दिले नाहीत.

त्यानंतर ते दोनदा खेळाला आले. दोन्ही वेळा दाराजवळच्या खुर्चीवर बसले. पुन्हा ग्रुपमध्ये यायचं का, असं मी विचारलं. “निरोप ह्याच्याकडे पाठवत जा,” म्हणाले, सहकाऱ्याकडे बोट दाखवून. डॉक्टरचं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

निमंत्रणाबद्दल वर आलंच आहे. सँडलरचं नाव वाचून मी सिनेमाची जात ठरवून टाकली, आणि तेही सिनेमा मी आधी बघितलेला असूनही. हे जास्त टोचतं.

जिन्यात एक माणूस पहिल्याच दिवशी हवा होता. बाहेर पडणाऱ्याला फक्त ‘पाणी देऊ का?’ विचारायला.

ग्रुपवरच्या त्या माफीबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. लिहिणाऱ्याचं म्हणणं, गप्प बसलो असतो तर लोकांनी पाठीमागे कुजबुज केलीच असती. असेल. पण कुजबुजीत त्यांचा नंबर सगळ्यांसमोर बाहेर पडला नसता.

ज्येष्ठ सभासदांना त्या संध्याकाळी आवरायला हवं होतं का? मला तसं वाटत नाही. त्यांचं मत सिनेमाबद्दल होतं. पण ‘घरात काय सांगायचं’ हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा आम्ही सगळेच चहाच्या कपात बघत राहिलो. तो त्या रात्री विचारलेला एकमेव खरा प्रश्न होता, आणि चर्चेच्या टिपणात मी तो लिहूनही घेतला नाही.

हा मजकूर लिहून झाल्यावर गृहस्थांना छापून दिला होता. चार दिवसांनी परत आला. घरच्यांबद्दलची दोन वाक्यं त्यांनी काढायला लावली, ती काढली आहेत. ‘खुर्ची आपटल्याचा आवाज झाला’ या वाक्यापुढे समासात बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं होतं: ‘खुर्ची आपटली नाही. मी घडी करून भिंतीला लावून ठेवली होती. आवाज पडद्यावरचा असेल.’